आठमाशी लेक आणि काचेबाहेरची आई

"ताई, मी चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातली. अचानक पाणी गेलं आणि बत्तिसाव्या आठवड्यातच मुलगी झाली. आमचं पहिलंच बाळ. वजन १ किलो ३८० ग्रॅम. जळगावला नवजात बाळांच्या विभागात आहे, आज बारावा दिवस. चौथ्या दिवशी वजन १२६० ग्रॅमवर आलं होतं, आता १३५० आहे. दूध नळीने देतात. मला सुटी मिळाली, पण मी नणंदेकडे जळगावातच थांबले आहे. दिवसभर काचेबाहेर बसून असते. सासूबाई म्हणतात, 'सातमाशी जगस, आठमाशी जगत नही. दवाखानामा बशीसन काय करशी? घर ये, सव्वा महिना पाळ.' पाचवी पुजायची राहिली, त्याचंही त्यांना लागलंय. सिस्टर बाळाला छातीशी धरा म्हणतात, पण मला तिला हात लावायचीच भीती वाटते. दूध जेमतेम दोन चमचे निघतं. मी शेवटपर्यंत शेतात जात होते, त्यामुळे झालं का हे? ती बाकीच्या मुलांसारखी होईल ना? एवढ्या उन्हात घरी नेऊन तिला कशी सांभाळू? आणि बारसं कधी करायचं? – एक आई"

बाई गं, आधी सासूबाईंच्या त्या वाक्याचं बघू. बाकी प्रश्न तू विचारलेस, पण झोप त्या वाक्याने उडाली आहे हे पत्रावरून कळतं.

सातव्यातलं जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, ही समजूत मी खानदेशात ऐकली तशी घाटावरही ऐकली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यांनीही ती लिहून ठेवली आहे. जुनी आहे, पण खोटी आहे. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या पदरात काही ना काही टाकत असतो. फुप्फुसं आतून चिकटू नयेत म्हणून त्यांत एक द्रव तयार होतो, तो चौतीस-पस्तीस आठवड्यांपर्यंत पुरेसा होत जातो. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळही साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो. म्हणजे आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा दोन पावलं पुढेच असतं. बत्तीस आठवड्यांची बहुतेक बाळं योग्य उपचार मिळाले की जगतात आणि चांगली वाढतात. तुझ्या लेकीला नळीने दूध देतात ते ती फार आजारी आहे म्हणून नव्हे. तो मेळ बसायला तिला अजून दिवस हवेत, इतकंच.

वजनाचंही तसंच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात दहा टक्के, कधी त्याहून थोडं जास्तही उतरतं. अंगातलं जादा पाणी निघून जातं. तुझ्या लेकीचं १२० ग्रॅम उतरलं, म्हणजे दहा टक्क्यांच्या आतच. आता चढू लागलंय. साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत येतं आणि पुढे रोज किलोमागे १५ ग्रॅमच्या आसपास वाढ अपेक्षित असते, म्हणजे तिच्यासाठी रोज वीसेक ग्रॅम. एखाद्या दिवशी काटा हललाच नाही तर रडत बसू नकोस. चार दिवसांचं मिळून बघ.

शेतात गेल्याने झालं का? मुदतीआधी पाणी जाण्यामागे कधी आतला जंतुसंसर्ग असतो, कधी आधीच्या बाळंतपणाचा इतिहास असतो, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. एकट्या शेतकामावर बोट ठेवता येत नाही. एक मात्र लक्षात ठेव. पुढच्या वेळी दिवस गेले की पहिल्याच तपासणीत सांग, 'पहिली बत्तिसाव्या आठवड्यात झाली.' असं एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टर आधीपासून लक्ष ठेवतील. दोन बाळंतपणांत पुरेसं अंतरही ठेव. आत्ता या विषयाला एवढंच पुरे.

आता 'दवाखान्यात बसून काय करशील' याचं उत्तर. मी नवजात विभागात परिचारिका होते, तेव्हा काचेबाहेर बसलेल्या बायांकडे बघून मला एकच वाटायचं: यांना इथे भेटायला आलेल्या पाहुण्यांसारखं बसवून ठेवलंय, आणि यांच्याजवळचं औषध कुणी मागत नाही. डॉक्टरांकडे ऑक्सिजन आहे, सलाईन आहे, वॉर्मर आहे. तुझं दूध आणि तुझ्या अंगाची ऊब त्यांच्याकडे नाही. तू गावी गेलीस तर या दोन्ही गोष्टी बाळाला मिळायच्या नाहीत. सासूबाईंना हे असंच सांग. आराम नणंदेच्या घरीही होतो.

दोन चमचे दूध निघतं म्हणून तू हिरमुसलीस. अगं, तिच्या पोटात नळीने एका वेळी जातं किती? सिस्टरांना विचार, काही मिलिलिटरमध्येच उत्तर येईल. तुझे दोन चमचे तिचं जेवण आहे. शिवाय मुदतीआधी बाळंत झालेल्या आईच्या पहिल्या दिवसांतल्या दुधात प्रथिनं आणि रोगाशी लढणारे घटक जास्त असतात. आईच्या दुधावरच्या बाळांना आतड्याचा तो जीवघेणा आजार, ज्याची नवजात विभागात सगळ्यांना धास्ती असते, बराच कमी होतो. डब्यातली पावडर हे काम करत नाही.

दूध वाढवायचा उपाय मेथीच्या लाडवांत नाही, वारंवार काढण्यात आहे. दिवस-रात्र मिळून किमान आठ वेळा काढायचं. रात्रीची एक खेप चुकवायची नाही, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. 'रात्री झोपू दे, सकाळी भरपूर निघेल' असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस, उलटं होतं. हात साबणाने धुवायचे. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेशी. आधी मागे छातीकडे दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे. बोंडी ओढायची नाही, कातडीवर बोटं घासायची नाहीत. उकळून घेतलेली स्टीलची वाटी पुरते. बाळाला बघून आल्यावर, तिचं दुपटं नाकाशी धरून काढलंस तर दूध सुटतं. हे मनाचे खेळ नव्हेत, संप्रेरक तसंच चालतं. काढलेलं दूध खोलीत चार तास टिकतं असं सांगतात, ते थंड खोलीसाठी. आपल्याकडे वैशाखात ती सूट घ्यायची नाही. नणंदेच्या घरी काढलंस तर लगेच फ्रीजमध्ये ठेव, आणि दवाखान्यात नेताना बर्फ घातलेल्या थर्मासमधून ने. डबीवर नाव, तारीख, वेळ लिही.

आणि पाणी पी! आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीचं पाणी तोडतात. चव्वेचाळीस अंशांत पाणी तोडलेल्या बाईने बाळासाठी दूध आणायचं कुठून? दादर ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, जमेल तर अंडी, सगळं खा. अळीवाची खीर आवडत असेल तर तीही खा. सासूबाईंना करू दे, त्यांचाही जीव रमेल.

आता छातीशी धरण्याचं. सिस्टर जे म्हणतात त्याला कांगारू पद्धत म्हणतात. ती १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी आणि बाळं जास्त म्हणून. पुढे कळलं की ही गरिबाची तडजोड नव्हती. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ किलो ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं, तर नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्या बाळांपेक्षा पहिल्या महिन्यातले मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. तुझी लेक वजनाने नेमकी याच गटातली. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला आठ तास ते चोवीस तास, जितकं जमेल तितकं, असं सांगते.

हात लावायची भीती मला समजते. एवढीशी बोटं, कातडीखालच्या शिरा दिसतात, नाकात नळी. पहिल्या दिवशी सिस्टरच तिला तुझ्या छातीवर ठेवतील. तू पुढून उघडणारा सैल गाऊन किंवा ब्लाउज घाल. बाळाच्या अंगावर टोपडं, मोजे, लंगोट, बाकी उघडी. दोन्ही स्तनांच्या मधे उभी, पाय बेडकासारखे फाकलेले, मान एका बाजूला वळलेली, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो. जुन्या मऊ सुती लुगड्याने तिला बांधून घेतात. मग मागे रेलून बसायचं. एका वेळी निदान तासभर तरी, कारण सारखं उचल-ठेव केल्याने बाळ दमतं. नळी असली तरी चालतं. धाप, ऑक्सिजन असेल तर सिस्टर सांगतील तसं. पहिल्या दहा मिनिटांत तुझे हात थरथरतील. नंतर ती झोपेल आणि बहुतेक तुलाही झोप येईल. जागी मात्र राहा, ती घसरली नाही ना हे बघायला.

छाती आईचीच हवी असं नाही. तुझा नवरा धरू शकतो, नणंद धरू शकते. सासूबाईही, विटाळ-सोवळ्याचं बाजूला ठेवलं तर. मी पाहिलंय, 'हे काय नवीन' म्हणणाऱ्या आजीच्या छातीवर एकदा नात ठेवली की मग आजी उठायला तयार नसते. विभागात त्यांना येऊ देतात का, ते विचार. नाहीतर घरी गेल्यावर त्यांची पाळी पक्की, कारण कांगारू घरीही चालू ठेवायचं असतं, बाळ स्वतःच वळवळून 'आता पुरे' म्हणेपर्यंत.

पाचवीचं म्हणशील, तर घरी पाटा-वरवंटा मांडून सासूबाईंना पूजा करू दे. कोरा कागद आणि पेन ठेवू दे. सटवाईला जळगावचा पत्ता सापडत नाही असं थोडंच आहे? बाळाच्या अंगाला काही लावायला, गंडा-दोरा बांधायला मात्र आत नेऊ नकोस, जंतू त्यावरून येतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर खरं तर लिहायला घेतलं ती सांगते, आणि इथे तू माझं अक्षर अन्‌ अक्षर ऐकायचं. तिचे डोळे. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण पोचलेल्या नसतात. जन्मानंतर त्या कधीकधी वेड्यावाकड्या वाढतात, पडदा ओढून सोडवतात, आणि बाळ कायमचं आंधळं होतं. वरून काहीही दिसत नाही. डोळे स्वच्छ, टपोरे, टकमका बघणारे असतात. आपल्याकडचा नियम असा की ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर ३० दिवसांच्या आत पडद्याची पहिली तपासणी झालीच पाहिजे. फारच लवकर जन्मलेल्यांची त्याहूनही आधी. तुझी लेक दोन्ही कारणांनी यात बसते. डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात, आणि खास शिकलेले डॉक्टर त्यातून पडदा बघतात. दोष निघाला तर लेझर किंवा इंजेक्शनने तो थांबवता येतो, पण दोन-तीन दिवसांतच उपचार व्हावा लागतो. पहिल्या तपासणीत 'ठीक आहे' म्हटलं तरी दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, वाहिन्या पूर्ण पोचेपर्यंत. नेमकी इथेच बाळं निसटतात. दवाखान्यातून सुटी मिळते, गाव लांब असतं, कापसाच्या लागवडीची घाई असते, घरचे म्हणतात पोर तर छान बघतंय. उद्याच विचार: 'तपासणी इथे होते की दुसरीकडे, आणि कुठल्या तारखेला?' सुटी आधी मिळाली तरी ती तारीख बदलत नाही.

तसाच कान. नवजात विभागात राहिलेल्या बाळाची बेरा टेस्ट करतात. पहिली चाळणी महिन्याच्या आत, शंका असेल तर तीन महिन्यांच्या आत नक्की निदान, आणि ऐकू येत नसेल तर सहा महिन्यांच्या आत यंत्र. टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी झाली का, तेही विचारून घे.

खर्चाचं तू लिहिलं नाहीस, तरी सांगते. सरकारी विभागात असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे, बाळ वर्षाचं होईपर्यंत. खासगी दवाखाना असेल तर तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचार.

आता घर आणि ऊन. लोकांना वाटतं लहान बाळाला थंडीच बाधते, मग मे महिन्यात गोधडीत गुंडाळतात. अशा बाळाला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, ना थंडीत ना उन्हात. हाताने बघायचं: पोट गरम आणि तळपाय गार असतील तर तिला थंडी वाजतेय, छातीशी घे. पोट-पाय दोन्ही तापलेले, चेहरा लाल, अंग चिकट असेल तर कपडे कमी कर. तुमचं घर धाब्याचं असेल तर आतली खोली दुपारी बरी. पत्र्याचं असेल तर दुपारचे तास शेजारच्या पक्क्या घरात काढ, लाज धरू नकोस. कूलरचा झोत थेट अंगावर नको, खोली थंड झाली की पुरे. उन्हाळा म्हणून तिला वरचं पाणी एक थेंबही पाजायचं नाही, दुधात पाणी असतंच.

बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी, घरातली बिडी, हे सगळं बंद. तिची फुप्फुसं आत्ता कुठे उघडली आहेत. गुटी, मध, काजळ, कानात-नाकात तेल, हेही नाही. यावर घरात वाद होईल. 'डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय' असं सांग, आणि सुटीच्या वेळी खरंच लिहून घे. बाटली नको, वाटी-चमचा किंवा पलाडई, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. आंघोळीची घाई नको, कोमट ओल्या फडक्याने पुसायचं, कधीपासून घालायची ते डॉक्टर सांगतील. झोपवायची पाठीवर. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब कित्येक महिने चालतात, शी काळपट झाली म्हणून लोह बंद करू नकोस. आशाताईंना घरी आल्याचा निरोप लगेच दे, अशा बाळांकडे त्यांच्या जास्तीच्या फेऱ्या असतात.

दूध ओढेना, अंग सैल पडलं, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, मधेच श्वास थांबला, ओठ निळे पडले, झटका आला, ताप आला किंवा छातीशी धरूनही अंग गारच राहिलं, तळपायापर्यंत पिवळेपणा उतरला, यातलं एकही दिसलं तर सकाळ होऊ देऊ नकोस. १०८ ला फोन कर आणि नेताना तिला छातीशी बांधूनच ने.

'बाकीच्या मुलांसारखी होईल ना?' बहुतेक मुलं होतात. पण तुलना करताना वय नीट धर. ती आठ आठवडे आधी आली, म्हणून दोन वर्षांची होईपर्यंत बसणं, रांगणं, बोलणं मोजताना ते आठ आठवडे वजा करायचे. चार महिन्यांची झाली की ती खरी दोन महिन्यांची. शेजारणीचं बाळ त्या वयाला मान धरतं आणि तुझी नुकती हसायला लागते, तर ती मागे नाही. लसीकरणाला मात्र वजाबाकी नाही, ते जन्मतारखेनेच. वजा करूनही मान धरत नाही, हातपाय फार ताठ किंवा फार ढिले वाटतात, एकच हात वापरते, आवाजाकडे वळत नाही, असं दिसलं तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबायचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं याच कामासाठी आहेत, तिथे व्यायाम शिकवतात. पहिल्या वर्षात सुरू केलेल्या व्यायामाचा उपयोग पाचव्या वर्षी सुरू केलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होतो.

तुझ्याबद्दल एक. रडू येणं साहजिक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, संधी मिळूनही झोप लागत नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांना सांग किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोल. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बारसं पुढे ढकल. ती घरी येऊन, वजन धरून, डोळ्यांचा शेवटचा कागद हातात पडल्यावर कर, आणि तेव्हाही पाहुण्यांनी तिला हातोहात फिरवायचं नाही. जन्माची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. दवाखान्याकडून ती गेली का, एवढं नवऱ्याला विचारून यायला सांग. नाव नंतर, वर्षभरात, पैसे न भरता घालता येतं.